कॅरेक्टर कोणतं घेतलंस, मुलगा की मुलगी?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय गेम्सबद्दल, म्हणजे मोबाईलवर, कॉम्प्युटरवर, प्लेस्टेशनवर आपली पोरं, आणि आता पोरंच कशाला, तिशी-पस्तिशीतली नोकरदार माणसंसुद्धा रात्री जेवणं उरकली की जे खेळत बसतात त्या गेम्सबद्दल. गेम चांगले की वाईट, डोळे खराब होतात का, अभ्यास बुडतो का, हे सगळं आज बाजूला ठेवू, त्यावर घराघरात रोजच बोलणं होतं. मला बोलायचंय गेम सुरू होण्याआधी येणाऱ्या एका स्क्रीनबद्दल.

बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा तो टीम करून गोळीबाराचा गेम, ज्यांनी डाऊनलोड केलाय त्यांनी आठवून बघा. अकाउंट उघडलं की समोर एक माणूस उभा राहतो आणि गेम विचारतो पुरुष की स्त्री, मग चेहरा, केस, त्वचेचा रंग, एक नाव टाकायचं आणि झालं. बहुतेक जण हे घाईघाईत उरकतात कारण मित्र लॉबीत, म्हणजे मॅच सुरू व्हायची वाट बघत, थांबलेले असतात. पण तेवढ्या वेळात कोण काय निवडतं आणि का निवडतं हे बघण्यासारखं असतं, आणि माझं तर आता ठाम मत झालंय की खेळणारा जे निवडतो त्यातलं निम्मं दुसऱ्याच कुणीतरी त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आधी मुलांचं बघू. मुलीचं कॅरेक्टर घेऊन खेळणारे मुलगे भरपूर आहेत, तुमच्या घरातला असेल तर चक्रावून जाऊ नका, काळजी करण्यासारखं त्यात काहीही नाही. विचारलं तर उत्तरं सगळ्या तऱ्हेची येतात. कोणी म्हणतो ड्रेस भारी असतात, कोणी म्हणतो मुलीचं कॅरेक्टर अंगाने बारीक म्हणून गोळी कमी लागते (हा समज फार जुना आहे), आणि कोणी सरळ सांगतो की तासन्‌तास ज्याची पाठ बघत खेळायचंय ती मुलीची असली तर काय बिघडलं. फ्री फायर या तसल्याच दुसऱ्या गेमवाल्यांचं गणित अजून वेगळं, तिथे प्रत्येक कॅरेक्टरला स्वतःची पॉवर होती, केली नावाची मुलगी जोरात पळायची, मोको नावाची हॅकर मुलगी, तिने गोळी मारलेला शत्रू काही क्षण आपल्या टीमला दिसत राहायचा, त्यामुळे पोरं पॉवर बघून कॅरेक्टर घ्यायची, ती मुलगी आहे की मुलगा हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही यायचा नाही. हे मला फार आवडतं. काम काय करते ते बघून तिला निवडलं, विषय संपला.

आणि पुरुषाने बाईचं सोंग घेणं आपल्याकडे काय नवीन आहे का. बालगंधर्वांनी आख्खी कारकीर्द स्त्री पार्टवर उभी केली, त्यांचं बघून घरंदाज बायका नेसायची आणि दागिन्यांची पद्धत उचलायच्या, हे आपल्या आजी-पणजीच्या काळातलंच आहे.

यावर अभ्यासही झालेत. एक २०१४ साली छापून आला होता, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमवरचा, त्यात संशोधकांनी ३७५ लोकांना मुद्दाम तयार केलेली एक मोहीम खेळायला दिली आणि ते काय बोलतात, कसे चालतात, सगळं नोंदवून ठेवलं. पुरुषांपैकी साधारण २३ टक्क्यांनी बाईचं कॅरेक्टर घेतलं, बायकांपैकी पुरुषाचं घेणाऱ्या मात्र ७ टक्केच. गंमत पुढे आहे. बाईचं कॅरेक्टर घेतलेले पुरुष चॅटमध्ये जास्त भावना दाखवायला लागले, उद्गारचिन्हं वाढली, पण चालणं-फिरणं काही बदललं नाही, ते ग्रुपपासून लांब राहायचे आणि उगाच उड्या मारत सुटायचे. बोलणं बदलता येतं, अंगातली सवय एवढ्या सहज जात नाही.

मुलींचं मात्र इतकं हलकंफुलकं नाही आणि इथे मला खरंच राग येतो. माझी एक भाची आहे, अकरावीत, बीजीएमआय चांगला खेळते, आमच्या घरातल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगला. तिचं कॅरेक्टर मुलगा आहे, आयडीचं नाव पण मुलाचं वाटेल असं. मी म्हटलं का गं, तर म्हणाली, मामा, मी आधी मुलगीच घेतली होती, अनोळखी टीममध्ये गेलं आणि एकदा माइक ऑन केला की झालं, अरे लडकी है, मग गेम राहतो बाजूला, नाव काय, राहतेस कुठे, इन्स्टा दे, आणि मॅच हरलो तर सगळ्यात आधी शिव्या मलाच. म्हणून आता माइक बंद. शत्रू कुठे आहे हे ती नकाशावर खूण करून सांगते, टीममधल्या पोरांना शेवटपर्यंत कळत नाही की आपल्याला वाचवणारा हा गप्प गप्प प्लेअर मुलगी आहे. आता तिने पुरुष निवडला याला आपण आवड म्हणायचं? ही आवड नाही, हा बचाव आहे, आणि उद्या कंपनीने आकडे काढले तर तिची मोजणी पुरुष कॅरेक्टर आवडणाऱ्यांत होणार.

म्हणून आकडे बघताना मी नेहमी विचारतो की समोर ठेवलं काय होतं.

सुरुवातीपासून बघा ना. १९८० साली जपानमध्ये नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन बनवला तो मुळात बायका-मुलींनीही आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानात, यावं म्हणून, कारण तेव्हा तिथे सगळे मारामारीचे आणि अंतराळातल्या युद्धाचे गेम आणि पुरुषांचीच गर्दी. तो चालला. मग १९८२ मध्ये अमेरिकेत मिस पॅक-मॅन आली, तोच पिवळा गोळा, त्याला लाल बो, लिपस्टिक आणि एक तीळ लावला की झाली बाई. आज बघताना हसू येतं पण ती जबरदस्त चालली, पुरुषांनीही खेळली.

१९८६ मध्ये निन्टेंडोचा मेट्रॉइड आला. त्यात सॅमस अरान नावाचा योद्धा, डोक्यापासून पायापर्यंत चिलखत, हेल्मेट, एका हाताच्या जागी तोफ. इंग्रजी माहितीपुस्तकात सरळ तो असंच लिहिलेलं. खेळणाऱ्याने भराभर खेळून गेम लवकर संपवला की शेवटी चिलखत उतरायचं आणि आत बाई! पोरं इतके दिवस जिच्यासारखं व्हायची धडपड करत होती ती बाई होती, आणि म्हणून कुणी गेम परत नेऊन दिला असं काही झालं नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाईनने टूम्ब रेडर काढला, टोबी गार्ड यांनी घडवलेली लारा क्रॉफ्ट त्याची नायिका. ती कशी दाखवली, कपडे कसे, जाहिराती कशा, यावर माझी तक्रार आहेच, पण निवडीचा प्रश्नच नव्हता, खेळायचं तर लारा व्हायचं. आणि लाखो मुलगे झालेच की.

मग बाईचा गेम विकला जात नाही असं गेम कंपन्यांत म्हणतात, ते प्रकरण कुठून येतं?

मास इफेक्टचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००७ मध्ये कॅनडाच्या बायोवेअरने हा गेम काढला, त्यात कमांडर शेपर्ड तुम्ही, पुरुष घ्या नाहीतर स्त्री घ्या, गोष्ट तीच. बाईचा आवाज जेनिफर हेल यांनी दिलाय आणि तो ज्यांनी ऐकला ते दुसरं काही ऐकायला तयार नसतात इतका दमदार आहे. पण पुरुष शेपर्डचा जो तयार चेहरा होता तो मार्क व्हॅंडरलू या डच मॉडेलवरून घेतलेला, एकदम नीटनेटका, आणि बाईला तसा कुणाचा चेहराच नव्हता. गेमच्या डब्यावर पुरुष, पोस्टरवर पुरुष, ट्रेलरमध्ये पुरुष, काही न बदलता पुढे गेलात तर हातात येणारा पण पुरुष. नंतर कंपनीने सांगितलं की स्त्री शेपर्ड घेऊन खेळणारे १८ टक्के. आता हे १८ टक्के काय सांगतात? लोकांना बाई नको होती, की बाई आहे हेच कुणी धड सांगितलं नव्हतं?

मागे लागले ते चाहतेच. शेवटी २०११ मध्ये तिसऱ्या भागाच्या आधी कंपनीने फेसबुकवर सहा चेहरे ठेवून मतदान घेतलं, सोनेरी केसांची निवडून आली, त्यावर भांडणं झाली, परत केसांच्या रंगाचं मतदान, मग लाल केसांची ठरली, तिचा ट्रेलर आला, तिला डब्याच्या कव्हरवर जागा मिळाली. पुढे २०२१ मध्ये तिन्ही भाग नव्याने एकत्र निघाले तेव्हा आकडा होता ३२ टक्के. एका ट्रेलरने सगळं झालं असं मी म्हणणार नाही, मधे दहा वर्षं गेली, खेळणारी माणसं बदलली. पण १८ चे ३२ झाले, गोष्ट तीच, आवाज तोच, मग बदललं काय तर ती आहे हे लोकांना दिसलं.

युबिसॉफ्ट या दुसऱ्या मोठ्या गेम कंपनीचंही असंच. २०१४ मध्ये त्यांच्या असॅसिन्स क्रीड मालिकेतल्या युनिटी या गेमच्या वेळी त्यांनी सांगितलं की मित्रांबरोबर खेळताना स्त्री कॅरेक्टर घ्यायची सोय नसणार, कारण ॲनिमेशन आणि कपडे वगैरेचं काम दुप्पट होईल. याच मालिकेच्या आधीच्या एका भागावर काम केलेले ॲनिमेटर जोनाथन कूपर यांनी लगेच लिहिलं की माझ्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचं काम आहे. मग २०१८ मध्ये त्याच मालिकेतला ओडिसी आला, प्राचीन ग्रीसमधला, त्यात कसांड्रा आणि अलेक्सिओस ही भावंडं, ज्याला घ्याल तो तुमचा नायक आणि ज्याला नाही घेतलं ते भावंड तुमच्याविरुद्ध उभं, फार सुंदर कल्पना आहे ती. कसांड्राचा आवाज मेलिसांथी माहूत यांचा, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये त्यांना अभिनयाचं नामांकन होतं. तरी साधारण दोन तृतीयांश लोक अलेक्सिओस घेऊन खेळले. झालं, बघा, लोकांना पुरुषच पाहिजे. आणि २०२० मध्ये ब्लूमबर्गमध्ये बातमी आली की बनवणाऱ्यांना मुळात एकटी कसांड्राच नायिका हवी होती, पण एकट्या बाईवर गेम विकला जाणार नाही म्हणून वरून तिच्या शेजारी भाऊ उभा केला गेला. म्हणजे आधी तिला तिच्याच गोष्टीत बाजूला सरकवायचं, मग डब्यावर भावाला मोठा छापायचा आणि नंतर लोकांनी निवडलं म्हणायचं. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही.

यावर आपल्या जवळचं उत्तर आहे आणि ते पुण्यातलं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्यातली छोटी कंपनी, २०१७ मध्ये त्यांनी राजी नावाच्या गेमसाठी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, किकस्टार्टर या वेबसाइटवर, ते पैसे जमले नाहीत. तरी त्यांनी सोडलं नाही, २०२० मध्ये राजी बाहेर आला आणि त्या वर्षी गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीत काम करणारी पोरगी, असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती निघते. दोनच पर्याय वगैरे काही नाही, एकच राजी. ती लढते कशी ते बघा, खांबाला हात घालून गरकन फिरते आणि त्या वेगात असुराच्या अंगावर जाते, भिंतीवर दोन पावलं चढून उलटी उडी घेते, मल्लखांबावरची पोरगी बघावी तसं. अंगाने लहानशी, म्हणून ताकदीपेक्षा चपळाईवर जिंकते, तिची सगळी लढाई त्या शरीरातूनच आलीय, वरून बो लावून तिला मुलगी केलेली नाही. हा गेम खेळून झालेल्या कुठल्या मुलाने मला आजवर म्हटलं नाही की यात मुलगा का नव्हता. तो म्हणतो, काका, तो शेवटचा असुर कसा मारायचा?

आता थोडं क्रिकेटचं, मग थांबतो. फुटबॉलच्या फिफा या गेममध्ये महिलांचे राष्ट्रीय संघ पहिल्यांदा आले ते २०१५ मध्ये, फिफा १६ मध्ये, बारा संघ. क्रिकेटमध्ये मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओने २०१६ च्या शेवटी डॉन ब्रॅडमन क्रिकेट १७ मध्ये महिला खेळाडू आणल्या. आपली पोरगी सांगलीची स्मृती मानधना जगभर नाव काढतेय, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या बायकांनी वर्ल्ड कप जिंकला, डी. वाय. पाटील स्टेडियम खच्चून भरलं होतं, त्यात मुलगे किती होते ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. आज रात्री मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाईलवरचा क्रिकेट गेम उघडून बघा, पहिल्या पानावर बॅट घेऊन कोण उभं आहे, आणि महिलांचा संघ असलाच तर तो सापडायला किती बटणं दाबावी लागतात. पुण्या-मुंबईत गेम बनवणारे कोणी ऐकत असाल तर तुम्हाला एवढंच सांगणं आहे की तो संघ पहिल्या पानावर आणा, पुरुषांच्या संघाशेजारी, त्याच आकाराच्या चित्रात, वर्षभर तिथे राहू द्या, आणि मग कोण काय निवडतं त्याचे आकडे आम्हाला सांगा.