डब्यातली पेटी

मंडळी, गाडीत गाणारा चढला की आपण एकतर खिसा चाचपतो, नाहीतर खिडकीकडे तोंड फिरवतो. तो गातोय कसा, इकडे कुणाचं लक्ष नसतं. मी पेटी शिकवतो, त्यामुळे माझं जातं.

नाशिकरोडहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत एक जोडपं चढायचं. त्याच्या गळ्यात उपरण्याने बांधलेली पेटी, तिच्या हातात खंजिरी. पेटीची एक पट्टी उडालेली होती. तो सूर आला की तो गळ्यातूनच ठासून लावायचा आणि बोट पुढच्या पट्टीवर नेऊन ठेवायचा. गाडीने धक्का दिला की भात्यावरचा हात दांडीला जायचा. तेवढा वेळ पेटी बंद, आवाज चालू, आणि बाईची खंजिरी ठेका सोडत नसे. गायचा काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या चढ्या सुरात. खालचे सूर चाकांच्या खडखडाटात बुडतात, वरचे डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. देवळाली काही मिनिटांवर, तेव्हा आलाप परवडत नाही. थेट मुखडा, एक अंतरा, परत मुखडा, की बाई हात पुढे करून निघाली. इगतपुरीला दोघं उतरायची. पुढे घाटातल्या बोगद्यांत ऐकणार कोण? आता पुष्कळांच्या खांद्याला स्पीकर असतो आणि त्यातून तयार ट्रॅक वाजतो. मला तो आवडत नाही, पण भाता ओढून दुखणारा खांदा माझा नाही.

त्याच गाडीत पासवालेही टाळ घेऊन अभंग म्हणतात. त्यांना कुणी भिकारी म्हणत नाही. आणि म्हणूही नये! पण पेटीवाल्याने तोच अभंग म्हटला की त्याचं गाणं ही भीक होते. हे नुसतं आपल्या मनात नाही, कायद्यातही आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. भीक मागण्याच्या व्याख्येतच गाणं, नाचणं, भविष्य सांगणं ही ‘निमित्तं’ म्हणून घातली आहेत. दोषी ठरलेल्याला वर्षापासून तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती. ‘दान पावलं’ म्हणत दारात येणारा वासुदेव या व्याख्येत कुठे बसतो, हे मी वकील मित्राला विचारलं. तो नुसता हसला.

गंमत म्हणजे हा प्रश्न आपल्या नाशिकला नवा नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात पंचवटीत राहिले. संस्थानिकांच्या मर्जीवर जगणारा गवई त्यांनी लोकांसमोर आणला, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणाऱ्याला श्रोत्याने थेट पैसे द्यावेत आणि त्यात कमीपणा नसावा, ही रीत त्यांनी रुजवली. मैफलीतल्या गवयाला तिचा फायदा झाला. डब्यातल्या गवयापर्यंत ती पोचली नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये स्थानकांतल्या गायक-वादकांना परवाने आणि ठरलेल्या जागा दिल्या. आपल्याकडे भरलेल्या सिटीलिंक बसमध्ये पेटीला जागा होणार नाही, हे मान्य. पण २०२७ च्या सिंहस्थासाठी एवढी कामं निघाली आहेत, तर निमाणीच्या बसस्थानकावर किंवा नाशिकरोडला गाणाऱ्यांसाठी एखादा ओटा का होऊ नये? वेळ ठरवा, आवाज ठरवा. झोपलेल्या माणसाच्या कानाशी खंजिरी नको, हेही लिहा. पहाटेच्या गाडीत मलाही ती नको असते.

फक्त लंडनसारखी निवडचाचणी ठेवू नका. चाचणी आली की परीक्षक म्हणून आमच्यासारखे पेटीमास्तर येणार, आणि पट्टी उडालेली पेटी बघून त्या माणसाला दारातूनच परत पाठवणार. नाव नोंदवून घ्या, तेवढं पुरे.