लघवी निसटते तेव्हा, लेझरच्या आधी

शिंक येताच मांड्या आवळायच्या, बाहेर पडताना गडद कपडे घालायचे, कुठेही गेलं की आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचं. पाळी जाण्याच्या वयातल्या कितीतरी बायका असं जगतात आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. अशा वेळी ‘विनाऑपरेशन, काही मिनिटांत’ अशी लेझरची जाहिरात दिसली की मोह होणारच. म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

योनीत एक नळीसारखं उपकरण घालून आतल्या आवरणाला किरणांनी मोजकी उष्णता देतात. त्याने तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, आकसतं, पुढे नवं तयार होतं आणि मूत्रमार्गाचा आधार घट्ट होतो, असा त्यामागचा विचार. अर्बियम-याग आणि कार्बन डायऑक्साइड हे त्यातले दोन मुख्य प्रकार. विचार पटण्यासारखा आहे, पण पुरावा अजून तोकडा आहे. बऱ्याच अभ्यासांत तुलनेला दुसरा गटच नव्हता. लेझर दिलं, काही महिन्यांनी बाईला विचारलं, ती म्हणाली बरं वाटतंय. उपकरण आत घालून उपचाराचा आभास केला तरी बऱ्याच जणींना बरं वाटतं! 2021 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पाळी गेलेल्या बायकांच्या योनीतल्या कोरडेपणासारख्या त्रासावर खऱ्या आणि खोट्या लेझरची तुलना केली, तर वर्षभरानंतर फरक दिसला नाही. हा त्रास वेगळा, पण लेझर तेच. औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्येच लघवी गळण्यासह अशा तक्रारींसाठी या उपकरणांच्या जाहिरातींबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण पडणं, कायमची वेदना हे धोके त्यात सांगितले होते. कुठले उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही 2021 मध्ये सांगितलं, की खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीसाठी हा उपचार फक्त संशोधनाचा भाग म्हणूनच करावा.

कुठल्याही उपचाराआधी आपली गळती कुठली हे ठरायला हवं. खोकताना, वजन उचलताना निसटते ती एक. अचानक लघवीची अशी घाई होते की बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर ओलं होतं, ती दुसरी. कित्येकींना दोन्ही असतात. लेझरचा विचार पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसरीत मूत्राशयाला थोडं थांबायची सवय लावणं आणि गोळ्या उपयोगी पडतात. तीन दिवस वहीत लिहा: किती प्यायलात, कधी गेलात, कशाने निसटली. डॉक्टरांना त्या पानांतून खूप कळतं.

पहिल्या प्रकारात पहिला उपचार पेल्व्हिक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. वारा रोखताना जे स्नायू वर ओढतो, तेच आवळायचे. पोट ताठ होऊ द्यायचं नाही, श्वास धरायचा नाही, नितंब आवळायचे नाहीत. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. अनेकजणी नकळत खाली जोर लावतात आणि मग म्हणतात, उपयोग होत नाही. म्हणून एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळती कमी होते. घाई आणि कोरडेपणा असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. हार्मोनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी मात्र गळती वाढू शकते. एवढं करूनही त्रास राहिला तर पेसरी (आधारासाठी योनीत बसवायची कडी) आहे, शस्त्रक्रिया आहे, त्यांचेही फायदे-तोटे विचारून घ्यायचे.

लघवीत रक्त दिसलं, जळजळ होत असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र व्यायामाची वाट न बघता लगेच तपासणीला जा.