झाडाची उंची ही एक वजाबाकी आहे

पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) दाटी ठाऊक आहे, आणि कातळावरचे गवताचे माळही. हवेतून लेझर टाकून या दोन्हींची मोजणी करायची, तर झाडांच्या आधी जमिनीकडे बघावं लागतं. लेझर झाडाची उंची मोजतच नाही. शेंड्याची पातळी वजा जमिनीची पातळी, एवढंच तो देतो. जमीन चुकली की झाड चुकलं.

लेझरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, खाली जातो, कशावर तरी आपटून परततो आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटरची. १००० मीटरांवरून सोडलेला किरण खाली पोचेपर्यंत पसरून २५ ते ५० सेंटिमीटर व्यासाचा ठिपका होतो. त्यातला काही भाग वरच्या पानांवर अडतो, काही फांदीवर, उरलेला जमिनीवर. एकाच स्पंदाचे तीन-चार परतावे मिळतात, म्हणून तर जंगलात हे तंत्र चालतं.

पण स्पंदालाही लांबी असते. ४ नॅनोसेकंदांचा स्पंद हवेत सव्वा मीटरच्या आसपास लांब भरतो, आणि त्याच्या निम्म्याहून, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरांहून, जवळ असलेले दोन पृष्ठभाग त्याला सहसा वेगळे दिसत नाहीत. गवताचं टोक आणि खालची माती एकाच परताव्यात मिसळतात. गुडघाभर गवताची उंची लेझरने काढून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी स्पंदाची लांबी विचारावी. माळाचं काम पट्टी घेऊन चालतच करायचं.

आता जमीन कशी निवडतात ते बघू. एक प्रचलित युक्ती कापडाची: प्रत्येक परतावा म्हणजे एक बिंदू; अशा बिंदूंचा सगळा ढग उलटा करायचा आणि त्यावर वरून एक काल्पनिक कापड सोडायचं. कापड जिथे टेकेल ती जमीन. कापड किती ताठ ठेवायचं हे आपण ठरवतो. ताठ कापड सपाट शहरात छान बसतं. टेकडीवर, विशेषतः दगडाच्या जुन्या खाणीशी, ते कड्याच्या कडेवर नीट बसत नाही. मग कड्याचा वरचा काठ ‘झाड’ ठरतो आणि उघड्या खडकावर दहा मीटरांचा वृक्ष उगवतो! कापड फार सैल केलं, तर ते दाट झुडपाच्या आत शिरतं आणि करवंदाची जाळी जमिनीत जमा होते. खाणीतल्या पाण्यावरून तर बहुतेक वेळा परतावाच येत नाही. तिथे पडलेलं भोक सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरून टाकतं.

यावर खात्रीचा उपाय जुनाच आहे. ढगातून दोन मीटर रुंदीची उभी काप काढायची आणि बाजूने बघायची. कड्यावर दहा, दाटीत दहा, माळावर दहा. पाऊण तासाचं काम आहे, आणि तेच सर्रास टाळलं जातं.

उतारावर आणखी एक फसगत असते. ४५ अंशांच्या उतारावर उभ्या झाडाचा पर्णसंभार बुंध्यापासून ३ मीटर खालच्या बाजूला झुकलेला आहे समजा. त्या टोकाच्या पानाखालची जमीन बुंध्यापेक्षा ३ मीटर खोल आहे, त्यामुळे वजाबाकीत ते पान ३ मीटरनी उंच ठरतं. ताम्हिणीसारख्या घाटउतारांवर हे सतत घडतं. अशा जागी शेंडा आधी मूळ, वजाबाकी न केलेल्या ढगात शोधावा आणि उंची बुंध्याच्या पातळीवरून घ्यावी.

उड्डाण कधी करायचं? पानगळीच्या टेकड्यांसाठी जमीन मोजायला फेब्रुवारी-मार्च उत्तम: पानं गळलेली, गवत वाळून बसलेलं. पर्णभार मोजायला पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर. दोन उड्डाणांचे पैसे दर वर्षी नसतात, आणि लागतही नाहीत. जमीन एकदा नीट मोजून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक ऑक्टोबरच्या ढगातून तीच वजा करावी. फक्त खोदकाम झालेली जागा वगळायची. भीमाशंकरसारख्या सदाहरित रानात ही सवलत नाही. तिथे खालपर्यंत पोचणारे किरणच थोडे, म्हणून उड्डाणाच्या पट्ट्या निम्म्याने एकमेकींवर चढवायच्या आणि किरणाचा कोन उभ्या रेषेपासून १५ अंशांच्या आत ठेवायचा. तिरपा किरण पानांतच अडकतो.

आकडे काढताना ‘२ मीटरांच्या वरचं ते छत्र (झाडांचं आच्छादन)’ हा नियम डोळे मिटून लावू नका. तो उंच वनांसाठी ठीक आहे. आपल्या टेकड्यांवर करवंद, घाणेरी आणि वाढती रोपं बरीचशी त्या रेषेच्या खाली असतात. अर्धा ते दोन, दोन ते पाच, पाचच्या वर असे थर पाडले तर काही अर्थ लागतो. आणि लेझरला जात कळत नाही. गिरिपुष्प माजलं की छत्राची टक्केवारी वाढते, आलेख वर जातो. सालई आणि मोई ही इथली झाडं मागे पडल्याचं त्या आलेखात कुठेच दिसत नाही. जमिनीवरचे २० बाय २० मीटरचे नमुना-चौकोन त्यासाठीच लागतात. त्यांचे कोपरे साध्या मोबाइलच्या जीपीएसने घेऊ नयेत. झाडाखाली तो काही मीटर सहज सरकतो आणि कडेची झाडं आत-बाहेर होतात.

दोन वर्षांची तुलना करताना नवं यंत्र आलं असेल तर सावध राहा. दर चौरस मीटरला ४ बिंदूंऐवजी २० आले की शेंडे जास्त वेळा सापडतात आणि जंगल न वाढताही उंची वाढते. दाट ढग विरळ करून दोन्ही सारखे करावेत. त्याआधी डांबरी रस्ता, इमारतींच्या गच्च्या अशा न बदलणाऱ्या जागांवर दोन्ही ढगांची पातळी जुळवून पाहावी. तिथेच २० सेंटिमीटरचा फरक निघाला, तर तेवढा नव्या ढगातून काढून मगच झाडांकडे वळावं.