साठेखत की खरेदीखत? नोकरीत आणि प्रायोजित संशोधनात लागलेल्या शोधाची मालकी

मंडळी, साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कळतो. साठेखत म्हणजे 'पुढे विकीन' असा शब्द. खरेदीखत म्हणजे विकली. साठेखत कपाटात ठेवून दहा वर्षं गप्प बसलेल्याच्या हाती जमीन नसते, फार तर दावा लावायचं निमित्त असतं. पेटंटचंही तसंच आहे. फक्त इथे हा फरक पीएच.डी. झालेल्या माणसालाही सही करताना दिसत नाही.

१९८८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एक तरुण संशोधक रुजू झाला. त्याने सही केलेल्या कागदातलं क्रियापद होतं 'अ‍ॅग्री टु असाइन', म्हणजे हक्क सोपवायला मी राजी आहे. पुढच्या वर्षी पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या अगणित प्रती काढायचं, तंत्र शिकायला तो जवळच्याच सीटस कंपनीत जाऊ लागला. आत पाऊल टाकायचं तर गोपनीयतेचा करार हवा, म्हणून त्याने तिथेही सही केली. त्या कागदात शब्द होते 'डू हिअरबाय असाइन': याद्वारे सोपवत आहे. रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण पीसीआरने मोजायची पद्धत तयार झाली, स्टॅनफर्डला पेटंटं मिळाली. दरम्यान सीटसचा पीसीआरचा धंदा रोश या औषध कंपनीने १९९१ मध्ये विकत घेतला होता. २००५ मध्ये स्टॅनफर्डने रोशवर दावा लावला, तेव्हा रोशने तो जुना कागद पुढे केला. अपील न्यायालयाने सरळ सांगितलं की स्टॅनफर्डकडे नुसतं वचन होतं, सीटसकडे प्रत्यक्ष हस्तांतरण. सरकारी पैशातून संशोधन झालं म्हणून १९८० च्या बे-डोल कायद्याने मालकी आपोआप आमच्याकडे येते, हा विद्यापीठाचा शेवटचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. स्टॅनफर्डचं साठेखत आधीचं आणि सीटसचं खरेदीखत नंतरचं, तरी टिकलं खरेदीखतच.

आता आपल्याकडे येऊ. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ६ सांगतं की अर्ज करू शकतो तो खरा व पहिला शोधकर्ता, किंवा त्याने हक्क सोपवलेला माणूस अथवा संस्था, किंवा मृत शोधकर्त्याचा कायदेशीर प्रतिनिधी. 'नोकरी देणारा' हा शब्द त्यात कुठेही नाही. पगार दिला, यंत्र दिलं, वीजबिल भरलं, यातल्या कशानेही हक्क आपसूक सरकत नाही.

गोंधळ होतो तो शेजारच्या कायद्यांमुळे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा आणि संगणकाच्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. डिझाइन कायद्यातही मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक ते करवून घेणारा. म्हणजे एकाच उपकरणात आतलं कोड कंपनीचं, बाहेरचा आकार कंपनीचा आणि ज्यावर ते चालतं ती कल्पना मात्र अभियंत्याची, असं कागदाअभावी सहज होतं. कोड बाहेरच्या फ्रीलान्सरकडून घेतलं असेल तर आणखी एक खाच आहे. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, चाकणच्या एका कारखान्यात इंडक्शन हार्डनिंगनंतर (विजेने तापवून, झटकन पाण्याने थंड करून धातू कडक करण्याची प्रक्रिया) शाफ्टला बारीक तडे जातात. कारखाना एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला ६ लाखांचा प्रकल्प देतो. प्राध्यापक पाण्याच्या प्रवाहाचं गणित मांडतात, एम.टेक.चा विद्यार्थी चाचण्या घेतो आणि क्वेंच रिंगची, म्हणजे शाफ्टवर थंड पाणी फवारणाऱ्या कड्याची, नवी रचना सुचवतो, कारखान्याचा फोरमन म्हणतो, 'भोकं सरळ नको, तिरकी पाडा, फवारा एका जागी आदळणार नाही.' तडे थांबतात. करार कुठे आहे? परचेस ऑर्डरच्या मागे बारीक टाइपात: 'सर्व बौद्धिक संपदा खरेदीदाराची.' खाली महाविद्यालयाच्या कुलसचिवांचा शिक्का.

हा कागद अर्धवट आहे. महाविद्यालयाने जे दिलं ते त्याच्या हातात होतं का? प्राध्यापकाच्या नेमणूकपत्रात शोधाबद्दल अवाक्षर नाही. विद्यार्थी तर नोकरच नाही, उलट तोच फी भरतो. फोरमन कारखान्याचाच, पण त्याच्या नेमणूकपत्रात पाळी, रजा आणि निवृत्तीचं वय एवढंच आहे. तिघांनी कोणालाच काही लिहून दिलेलं नाही, म्हणजे कुलसचिवांनी दुसऱ्याचं शेत विकलं.

दुरुस्ती अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी शोधकर्ते नक्की करा. ज्याने पेटंटमधल्या एखाद्या दाव्यात, म्हणजे ज्या वाक्यांनी शोधाची हद्द आखली जाते त्यांत, डोक्याने भर घातली तो शोधकर्ता. निधी आणणारे, यंत्र लावून देणारे आणि मानाने पहिलं नाव लावायची सवय असलेले विभागप्रमुख यात बसत नाहीत. शोधनिबंधातली नावांची यादी उचलून अर्जात टाकणं ही सर्वांत सर्रास चूक. मग प्रत्येकाकडून हस्तांतरणपत्र घ्या: प्राध्यापक आणि विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाला, महाविद्यालयाकडून कारखान्याला, फोरमनकडून थेट कारखान्याला. योग्य मुद्रांकावर, शोधाचं वर्णन जोडून, 'याद्वारे सोपवत आहे' या शब्दांत. नेमणूकपत्रातच 'भविष्यातले सर्व शोध याद्वारे सोपवत आहे' असं वाक्य जरूर घाला, पण भारतात त्या एका वाक्यावर विसंबू नका. जे अजून जन्मलंच नाही त्याचं हस्तांतरण वादात सापडतं. प्रत्येक शोधाला वेगळं पत्र घ्यावंच.

भारतातल्या साध्या अर्जात फॉर्म १ मध्येच शोधकर्त्यांच्या घोषणेची जागा असते: अर्जदार हा माझा हस्तांतरिती, म्हणजे मी ज्याला हक्क सोपवला तो, आहे. तिथे सह्या झाल्या तर अर्जाच्या हक्काचा पुरावा तिथल्या तिथे झाला. नाही झाल्या तर अर्जापासून ६ महिन्यांत पुरावा द्यावा लागतो. खरी धावपळ इथे होते, कारण तोवर विद्यार्थी म्युनिकला गेलेला असतो आणि फोरमन स्पर्धकाकडे. म्हणून राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी ओळखपत्र आणि लॅपटॉप घेतो तसा हाही कागद घ्यावा. नोकरी सुटल्यावर पुढची दोन वर्षं माणूस जे काही शोधेल ते आमचं, असं कलम मात्र लिहू नये. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकवणं कठीण, आणि चांगला माणूस ते वाचून रुजूच होत नाही.

'फिफ्टी-फिफ्टी करून टाकू' हे वाक्य बैठकीत फार गोड लागतं. सामाईक सातबाऱ्याचा अनुभव असलेल्यांनी तरी सावध व्हावं. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर सहमालकांचा हिस्सा समान आणि अविभक्त. प्रत्येकाला स्वतः उत्पादन करायची मुभा आहे, आणि दुसऱ्याला हिशेब द्यायची गरज नाही. पण परवाना द्यायचा किंवा हिस्सा विकायचा तर दुसऱ्याची संमती हवी. आता आपलं उदाहरण लावून बघा. कारखाना रिंग बनवून वापरत राहील, महाविद्यालयाला एक रुपया न देता. महाविद्यालयाकडे कारखाना नाही आणि दुसऱ्या कोणाला परवाना द्यायचा तर याच कारखान्याची सही लागणार. कागदावर अर्धं, हातात शून्य. महाविद्यालयाने यापेक्षा सगळी मालकी कारखान्याला देऊन टाकावी आणि बदल्यात विक्रीवर रॉयल्टी, शिकवायला व पुढच्या संशोधनाला वापरायची परवानगी आणि ठरावीक वर्षांत वापर झाला नाही तर हक्क परत, एवढं मागावं. प्रकल्पाआधीपासून कोणाकडे काय होतं त्याची यादीही परिशिष्टात घालावी, नाहीतर प्राध्यापकांचं दहा वर्षांचं गणित ६ लाखांत निघून जातं.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा यात पैशाचाही प्रश्न आहे. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये लागतात, मोठ्या कंपनीला ८,०००. पण सवलतीत केलेला अर्ज नंतर मोठ्या कंपनीकडे गेला तर फरक भरावा लागतो. प्रायोजक परदेशी असेल तर कलम ३९ आठवा. भारतात राहणाऱ्याने पहिला अर्ज बाहेर करायचा तर आधी पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी हवी, किंवा इथे अर्ज करून ६ आठवडे थांबायला हवं. 'मालकी त्यांची, अर्ज त्यांनी परस्पर केला' हे उत्तर चालत नाही.

शोध लावणाऱ्या नोकराच्या मोबदल्याबद्दल आपला कायदा गप्प आहे. जर्मनीत यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. जपानमध्ये निळ्या एलईडीच्या शोधासाठी शुजी नाकामुरा यांना कंपनीने २० हजार येन दिले होते. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायला सांगितलं, पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. भारतात सरकारी पैशातल्या संशोधनासाठी २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, कायदा न होताच मागे घेतलं गेलं. त्यामुळे इथे जे लिहून घ्याल तेवढंच मिळेल. रकमेपेक्षा सूत्र लिहा: अर्जाला इतके, मंजुरीला इतके, परवान्याच्या उत्पन्नातले इतके टक्के. आणि 'उत्पन्न' ढोबळ की खर्च वजा जाता, तेही लिहा. भांडणं टक्क्यांवर होत नाहीत, या एका शब्दावर होतात.

विद्यार्थ्याच्या बाबतीत मालकीइतकीच तारीख महत्त्वाची. पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला की तो जगाला खुला झाला, आणि शोध पेटंटसाठी 'नवा' उरला नाही. त्यानंतर केलेल्या अर्जाला स्वतःचाच प्रबंध आडवा येतो. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत विद्वत्सभेत वाचलेल्या किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती आहे, प्रबंधाला ती लागू होईल असं धरून चालू नये. म्हणून प्रायोजकाशी करारात लिहावं: मसुदा मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी हरकत कळवायची, अर्जासाठी फार तर आणखी ६० दिवस थांबवायचं, त्यापुढे प्रबंध अडवायचा नाही. दिवसांचे आकडे मागेपुढे करता येतील, पण ती जागा मोकळी ठेवली तर विद्यार्थ्याची पदवी लोंबकळते.