आठवीच्या पुढचे दोन वर्ग

[दृश्य: शाळेची गच्ची. कॉलममधून वर आलेल्या सळया.]

या सळया वरच्या मजल्यासाठी सोडल्या आहेत. खाली पाचवी ते आठवी भरते, वर नववी-दहावी बसवायची आहे. पैसा जमेल तेव्हा काम. तोवर सळयांना सिमेंटचा घट्ट हात मारून ठेवावा लागतो, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजाचे पापुद्रे सुटतात आणि पुढचं काँक्रीट सळईला धरत नाही.

विदर्भातल्या खेड्यांत मिशनच्या शाळा अशाच वाढतात, एकेक वर्ग करत. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा प्रदेश, 1887 चा, अमरावतीचा 1955 चा. बल्लारपूरहून चालणाऱ्या, केरळी परंपरेच्या सिरो-मलबार चांदा धर्मप्रांताची सुरुवात 1962 ची. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच असतात, पटावरची बहुतेक मुलं बाकीच्या घरांतली. राज्यघटनेचं कलम 30 अल्पसंख्याक संस्थेला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. पगाराची सोय मात्र तिची तिनं बघायची.

[दृश्य: काळं वावर, मे महिन्यातल्या भेगा. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर.]

आधी जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तीन फुटांवर दगडी पाया घालून उभी केलेली खोली स्वस्त पडते खरी, पण थोड्याच वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तडकते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, फुटिंग, म्हणजे खांबाचा तळ, मुरमावर टेकवायचं, जोत्याच्या उंचीला चारी बाजूंनी प्लिंथ बीम फिरवायचा, फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरून धुमस करायचा. छपराचं पाणी पायाशी मुरू द्यायचं नाही. वीस बाय पंचवीसची खोली, चाळीस मुलं बाकांवर बसतील एवढी. तिचा बराचसा खर्च जमिनीखालीच जातो आणि देणगीदाराला तो दिसत नाही.

त्यात बांधकामाला मोकळा वेळ मिळतो तो उन्हाळ्याच्या सुटीचा. इथं शाळा बाकी महाराष्ट्राच्या आठवडा-दोन आठवडे मागून उघडते, म्हणजे दिवस हाताशी असतात. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला, विहीर तळाला आणि स्लॅबला निदान दहा-बारा दिवस पाणी हवं. गच्चीवर आळी करून पाणी कोंडायचं, दुपारी ओली पोती अंथरायची. टँकर एक दिवस चुकला की स्लॅबवर बारीक चिरा उमटतात आणि पुढच्या आषाढात वर्गात बादल्या मांडाव्या लागतात.

खोली झाली की वर्ग. आठवीनंतर नववी, मग दहावी. सरकारी भाषेत नैसर्गिक वाढ. कागदावर मात्र प्रत्येक पायरीला परवानगी लागते. दहावीची पहिली तुकडी फॉर्म भरायच्या आत परीक्षा मंडळानं शाळेला दिलेला क्रमांक, म्हणजे सांकेतांक, हातात हवा. तो रखडला की मुलांची नावं शेजारच्या शाळेतून द्यायची धावपळ सुरू होते.

शिक्षक हा खरा खर्च. 2001 पासून नव्या शाळांना कायम विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर, मान्यता मिळू लागली. 2009 ला त्यातला 'कायम' गेला, पण अनुदान आलं ते 20 टक्के, 40 टक्के असं टप्प्याटप्प्यानं. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित कायद्याखाली काढलेल्या शाळेला तर तेही नाही. मग भिस्त फीवर. आणि फी येते कापूस विकल्यावर. जुलैपासून दिवाळीपर्यंत पगार द्यायचे कशातून? ही चार-पाच महिन्यांची तूट धर्मप्रांत किंवा सिस्टरांचा संघ भरून काढतो. सिस्टरांचा स्वतःचा पगार संघाच्या खात्यात जातो, तिथून घरखर्च चालतो. शाळा तगते त्याचं हे एक कारण, फारसं बोललं न जाणारं. दुसरी बाजूही आहे. रुळलेल्या मुख्याध्यापिकेची काही वर्षांत बदली होते आणि शिक्षण विभागातल्या फायलींची सगळी माहिती तिच्याबरोबर गाव सोडते.

[दृश्य: हजेरीपट. नववीच्या पानावर लाल शाईचे गैरहजेरीचे शेरे.]

गळती नववीत. अनुदानित शाळेत शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. सहावी ते आठवीला दिवसाला 150 ग्रॅम तांदूळ. नववीच्या मुलाला त्याच आवारात ताट नाही. ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, ती किलोवर, त्यामुळे घरातले हात जितके जास्त तितके पैसे जास्त. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत, पण पावसात नाल्यावर पाणी चढलं की बस फाट्यावरूनच परतते.

पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं. आता मोजणी आधार जुळलेल्या मुलांचीच. दाखल्यावर 'गणेश', आधारवर 'गनेश', किंवा जन्मतारखेत दिवस-महिना उलटा, की वर्गात बसलेलं पोरगं सरकारी पटावर नाही. अशी दहा-बारा नावं अडली तर गणिताचा शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. म्हणून शहाण्या शाळा जूनमध्येच दाखला आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघतात.

दहावीत विज्ञानाचे दोन पेपर 40-40 चे, प्रात्यक्षिक 20 चं. परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, म्हणजे शेवटचे पेपर रानात मोहफुलं पडायच्या दिवसांत. जंगलपट्ट्यात सगळं घर पहाटे मोहाखाली असतं. या दिवसांत बोर्डिंग उपयोगी पडतं: मुलं पेपर संपेपर्यंत तिथंच राहतात.

निकालानंतर अकरावी. कला शाखा दोन खोल्यांत चालते. विज्ञानाला भौतिक, रसायन आणि जीव अशा तीन प्रयोगशाळा, त्यांचं सामान, त्यांचे शिक्षक. एवढं उभं करणं बहुतेक मिशनांना जमत नाही. मुलगा तालुक्याला खोली करून राहतो. मुलीचं नाव कुठे घालायचं, ते पहिली एसटी कॉलेजच्या वेळेत पोहोचते का, यावर ठरतं.