आजोबांचा चाकू आणि तित्तराचं पोट

तर विषय छोट्या शिकारीचा, ससा, तित्तर, लाव्हरी एवढीच, आणि ज्या चाकूनं ती साफ व्हायची त्याचा. चाकू आणलेला नाही हं, स्टेशनवर बॅग तपासतात, त्यामुळे मागच्यांनी माना उंचावू नका! दादर-पार्ल्यात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कुणी ना कुणी शिकारी होतंच. आमच्याकडे बंदूक आजोबांच्या लायसन्सवर होती, ते गेल्यावर जमा झाली. चाकू तेवढा राहिला. शेफिल्डचा, सांबरशिंगाची मूठ, जेमतेम तीन इंचाचं पातं.

पातं साध्या कार्बन स्टीलचं. असं पातं कैरी, लिंबू, रक्त लागून लागून काळंनिळं होतं आणि तो काळा थर पात्याला जपतो, खातो तो लाल गंज, आणि मुंबईच्या जुलैत तो रातोरात धरतो म्हणून आजी पातं कोरडं पुसून शिलाई मशीनचं तेल लावायची. घरात लग्न निघालं, कुणीतरी हौसेनं चाकू एका दुकानात 'साफ' करायला दिला, त्यांनी तो सरळ बफिंगच्या चाकावर धरला. आला तो आरशासारखा! आजोबांच्या हातचा सगळा काळेपणा गेला, वर पातं तापून धारेचं पाणी उतरलं, आता कितीही लावा धार टिकतच नाही. मला अजून राग येतो. हात जोडून सांगते, जुना चाकू मशीनवर देऊ नका, घरी दगडावर, पाणी टाकून, हळूहळू घासा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. बरं, मुद्दा.

तित्तराच्या गळ्याशी दाण्यांची पिशवी असते. आजोबा आधी ती चिरायचे आणि आतलं तळहातावर पसरून आम्हाला दाखवायचे, गवताचं बी, ज्वारी, पावसाळा लागला की वाळवी. पक्षी कुठे चरतो ते त्यावरून कळायचं. संग्रहालयासाठी पक्षी गोळा करणारेही हेच बघत, नमुन्याच्या लेबलवर तारीख, गाव, नर की मादी आणि पोटात काय. आपल्या मुंबईत 1883 पासून बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. 1908 मध्ये लहानगे सालिम अली एअरगननं मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला तिथेच गेले, तिथले सचिव मिलार्डसाहेबांनी ती ओळखली आणि पुढचं तुम्हाला माहितीये.

शिकार परत सुरू करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून थोडी चालायची, 1991 च्या दुरुस्तीनं तीही थांबली, चांगलंच झालं. पण ज्यांनी स्वतःच्या हातानं पक्षी साफ केलेत ती माणसं आता म्हातारी झालीत, आणि दौंड-बारामतीकडच्या कितीतरी माळांवर आज ऊस आहे. तिथे तेव्हा काय उगवायचं, कोण काय खायचं, हे या लोकांना तोंडपाठ आहे आणि ते कुठेच लिहिलेलं नाही! किती मारले ते विचारू नका, पोटात काय निघायचं ते विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, महिना आणि गाव नक्की विचारा. बाहेर टेबलावर वही आहे, घरात असं कुणी असेल तर जाताना गावाचं नाव लिहून जा, मी स्वतः येईन.