उधारी घेऊन जा गे मारबत

(पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, इतवारीत लहान व्यावसायिकांपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

राजेहो, बाहेर पाऊस आहे म्हणून तुम्ही आलात, मला माहीत आहे. गिऱ्हाईक असतं तर दुकान सोडून कोण येतं? पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लहान व्यवसायाचं पाच वर्षांचं नियोजन’. ते सांगतोच, शेवटी. आधी माझं एक म्हणणं ऐकून घ्या, घरात कोणी ऐकत नाही.

नागपूरच्या धंदेवाल्यानं वर्षाचा आराखडा दिवाळीत करू नये, मारबतीच्या दिवशी करावा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, मारबतींचे मोठे पुतळे मिरवत निघतात तेव्हा. दिवाळीत वहीवर कुंकू असतं, आकडा नसतो. गल्ला भरलेला, पोटात चिवडा. अशा वेळी माणूस स्वतःला फार हुशार समजतो. तान्हा पोळ्याला तसं होत नाही. पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात, मिरवणुकीमुळं इतवारी-महालात दुकान उघडून उपयोग नसतो. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. म्हणजे आपले पणजोबाही त्या दिवशी रिकामेच! आणि त्या दिवशी ओरडायचं काय, तर ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’. काय नको ते मोठ्यानं सांगायचं. मारबतीबरोबरच्या पुरुषी पुतळ्यांच्या, बडग्यांच्या, गळ्यात तर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांच्या पाट्या. तुमच्या दुकानाचा बडग्या केला तर पाटीवर काय लिहाल? हसू नका, मी माझी सांगतो.

मी कूलर बनवतो. पत्र्याची बॉडी, पंखा, पंप, तिन्ही बाजूंना वुडवूल, म्हणजे पाणी धरणारा लाकडाचा भुसकट-कीस. थंडीत बनवायचे, पाडव्यापासून विकायचे, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, संपला की खेळ खलास. नव्वद दिवसांत वर्षाची भाकरी. ‘प्लॅनिंग काय करता?’ असं कोणी विचारलं की मी कपाळाकडं बोट दाखवायचो. डोक्यात आहे सगळं!

२०२० च्या थंडीत जरा जास्तच डोकं चालवलं. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तेवढी उचलायची कर्जमर्यादा, काठोकाठ वापरली आणि चारशे दहा कूलर केले. गोदामात छतापर्यंत रचले. २४ मार्चच्या रात्री आठला टीव्हीवर लॉकडाउन जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी पाडवा. दाराशी गुढी, गोदामाला कुलूप, आणि वर नागपूरचं ऊन, ते काही लॉकडाउन पाळत नव्हतं. लोक घरात उकडत होते, माझे कूलर गोदामात उकडत होते, मधे फक्त एक रस्ता. जूनमध्ये शटर वर केलं तर खालच्या रांगेतल्या एका कूलरमध्ये उंदरीनं पिलं घातलेली. वुडवूलची मऊ गादी. अख्ख्या सीझनमध्ये त्या कूलरचा तेवढा उपयोग झाला.

तुम्ही म्हणाल, कोरोना कोणाला ठाऊक होता? बरोबर. मीही चार महिने हेच म्हणत होतो, बरं वाटायचं. पण माझ्या शेजारचा पत्र्याचंच काम करतो. तो निम्म्या पैशात कूलर करायचा, निम्म्यात धान्याच्या कोठ्या. त्यालाही मार बसला, पण मजुरांच्या पगारासाठी त्यानं दागिने मोडले नाहीत. मी मोडले. माझे नव्हेत, अर्थातच.

मग सौ.नं जुन्या वह्या काढल्या. दोन दुपारी बसून सतरा नावं वेगळी केली. काटोल, उमरेड, सावनेरकडचे दुकानदार. सगळ्यात जुनी उधारी २०१४ ची. प्रत्येकाचं एकच, ‘दिवाळीले देतो भाऊ’. कोणत्या दिवाळीले, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बेरीज केली तर जवळपास सीसीएवढीच. म्हणजे बँकेचं व्याज मी भरत होतो आणि हवा उमरेडवाला खात होता! त्या भाद्रपदात मारबत मिरवणूक निघाली नाही. मी घरातच ओरडलो, ‘उधारी घेऊन जा गे मारबत’. सौ. म्हणाली, आधी फोन लावा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! आत्ता तर सुरुवात झाली होती. बरं, पाच वर्षं पाच मिनिटांत.

बारा महिन्यांचा कागद करा. कोणत्या महिन्यात पैसा येतो, कोणत्या महिन्यात जातो, एवढंच. नफा नंतर बघू. माझ्या कागदावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिने नुसतं जाणंच होतं, आणि ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. माल घेणं थांबवायची तारीखही त्यावर लिहा. माझी १५ एप्रिल. त्यानंतर पत्र्यावाल्यानं कितीही गोड आवाजात फोन केला तरी नाही.

दुसरा माल शोधा, पण त्याच मशीनवर निघणारा. मी आता कोठ्या करतो. शेजारी बोलत नाही.

बनवणारे आणि सेवा देणारे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी पोर्टलवर फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही मेख आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. मार्चमध्ये त्याचा सीए तुमची आठवण काढतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. नुसता व्यापार करणाऱ्यांना मात्र उशिराच्या पैशांचं हे संरक्षण नाही. समोरच्या दोन रांगांची तोंडं उतरली, दिसतंय मला.

पाचव्या वर्षाचं राहिलं. दुकान कोण बघणार, पोरगा की कोणी नाही, हे त्याला एकदा विचारा. मी विचारलं. तो पुण्याला आहे.

झालं, झालं, उठतो. बारा महिन्यांचे छापील कागद मागच्या टेबलावर आहेत, एकेक घेऊन जा. त्यात फेब्रुवारी दोनदा आलाय आणि मार्च नाही. प्रूफ मीच तपासलं होतं. पेनानं दुरुस्त करून घ्या.